हात पुढे करणाऱ्या बायका

नगरपालिकेतून फोन आला तेव्हा ब्रोन्का बीटचं सूप ढवळत होती. पलीकडच्या मुलीचा आवाज गोड होता, पण घाईतला. खालच्या मजल्यावरचा भाडेकरू करोना होऊन इस्पितळात गेला होता, म्हणून इमारतीतल्या प्रत्येकाला ती एकच प्रश्न विचारत होती.

"आजी, गेल्या आठवड्यात कोणाच्या जवळ गेला होतात का? म्हणजे मिठी मारली, कोणी हात हातात घेतला, असं काही?"

ब्रोन्काला खुदकन हसू आलं. हाच प्रश्न तरुणपणी तिने याच इमारतीच्या अंगणात उभं राहून, घसा फोडून विचारला होता, तोही नगरपालिकेच्याच वतीने.

"थांब हं बाळ, गॅस बारीक करते," ती म्हणाली. ऐंशी ओलांडलेल्या बाईला शेगडीपर्यंत जाऊन यायला वेळ लागतो, आणि आठवणींना तेवढा वेळ पुरतो.

त्रेसष्ट सालच्या उन्हाळ्यात पोलंडमधल्या या व्रोत्सवाफ शहरात देवी आल्या. हा रोग तिथे इतका विसरला गेला होता, की डॉक्टरांनीही तो पुस्तकातच पाहिलेला. आधी कांजिण्या म्हणून सगळे गाफील राहिले आणि मग एकदम पळापळ झाली. शहराच्या चारी वाटांवर नाके बसले. लस टोचल्याचा कागद दाखवल्याशिवाय कोणाला बाहेर सोडेनात. शाळांत, कारखान्यांत, ट्रामच्या आगारात टोचायच्या रांगा लागल्या. दुकानांच्या दारांच्या मुठींना औषधात भिजवलेल्या पट्ट्या गुंडाळल्या, त्यामुळे सगळं शहरच हात मोडून बसल्यासारखं दिसायला लागलं. आणि भिंतीभिंतीवर एकच फलक, 'हस्तांदोलन करू नका.' लोक कोपराला कोपर लावायचे आणि खदाखदा हसायचे. भीती होतीच, पण त्या उन्हाळ्यात अनोळखी माणसंही एकमेकांशी किती बोलायची! ब्रोन्काला त्या दिवसांची आठवण आली की अजून गलबलून येतं.

ती तेव्हा पाणीपुरवठा खात्यात कारकून होती. नगरपालिकेने धडधाकट माणसं उचलून शोधपथकं केली, त्यात तीही गेली. पथकातली माणसं एका शाळेत झोपत, घरी जायला बंदी. काम एकच. कोणाला देवी आल्या की त्याला शिवलेली सगळी माणसं हुडकायची, टोचायची आणि शहराबाहेरच्या जुन्या महालात तीन आठवडे नेऊन ठेवायची. तिच्याबरोबर डॉक्टर मालेत्स्की होते, कमी बोलणारे. बस चालवायला गेन्येक होता, तो डॉक्टरांच्याही वाटणीचं बोलायचा.

एका दुपारी गेन्येकने बस वळवली ती थेट ब्रोन्काच्याच अंगणात. तळमजल्यावरच्या ओतिलियाबाई इस्पितळात कपडे धुवायच्या, त्यांच्या अंगावर फोड उठले होते. रुग्णवाहिकेत चढता चढता त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, "मला कोण शिवतंय हो! एक तेवढे सेवेरिनराव रोज सकाळी हाताचं चुंबन घेतात."

सेवेरिनराव म्हणजे ब्रोन्काचे वडील.

गेन्येकने शीळ घातली. "ब्रोन्का, तुझे बाबा म्हणजे सहा नंबरची ट्रामच की गं! प्रत्येक थांब्यावर थांबणार."

खोटं नव्हतं ते. सेवेरिनराव मूळचे पूर्वेकडच्या ल्वूफ शहरातले. युद्धाने गाव गेलं, घर गेलं, पुढे बायको गेली, रीत तेवढी सोबत आली. ऑपेरात प्रेक्षकांचे कोट सांभाळायची नोकरी, कोपरांवर चकाकी आलेला एकुलता एक काळा सूट, आणि सकाळी अंगणात उतरलं की समोर येईल त्या बाईला, "आपला दास, बाईसाहेब!" मात्र ते कधी कोणाचा हात ओढत नसत. बाईने हात पुढे करायचा, मगच पुरुषाने वाकायचं. हात पुढे आला नाही तर लांबूनच मान लववून पुढे जायचं.

ब्रोन्काने त्यांना अंगणात, जिन्याच्या दाराशीच गाठलं.

"बाबा, फलक वाचला नाहीत?"

"वाचला ना. हस्तांदोलन करू नका, असं लिहिलंय. मी कुठे हस्तांदोलन करतो?"

तिने कपाळावर हात मारून घेतला. शहरातल्या शहाण्यांनी मुठींपासून नाण्यांपर्यंत सगळ्याचा विचार केला होता, ही एक गोष्ट लिहायची कोणाला सुचलीच नव्हती.

"बरं, आता सांगा. रविवारपासून कोणाकोणाच्या हाताचं चुंबन घेतलंत?"

"ब्रोनुश, सभ्य माणूस मोजत नाही."

"आज मोजा."

"आणि मोजलं तरी सांगत नाही."

"बाबा, ह्या देवी आहेत, ऑपेरा नव्हे! माणसं मरतात!"

सेवेरिनरावांच्या तोंडून नाव काही फुटेना. नजर मात्र राहून राहून तिसऱ्या मजल्यावरच्या, जिरेनियमच्या कुंड्या असलेल्या खिडकीकडे जात होती. ब्रोन्काने ते पाहिलं, पण त्या क्षणी तिला त्याचा अर्थ लागला नाही.

तिचं डोकं फिरलं. ती अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि वर तोंड करून ओरडली, "रविवारपासून माझ्या बाबांनी ज्या ज्या बाईच्या हाताचं चुंबन घेतलं असेल, तिने आवरून खाली यावं! तीन आठवडे महालात राहायचंय!"

मग दारं वाजायला लागली. दूधवालीण आली, शिक्षिका आली, मग तिची नणंद. ज्या दोघी वर्षभर एकमेकींचं तोंड पाहत नव्हत्या त्याही आल्या, कारण दुसरी खाली गेली आणि आपण घरात राहिलो तर आपल्या हाताला कोणी विचारत नाही असा त्याचा अर्थ झाला असता. बघता बघता अख्खं अंगण भरलं. सगळ्यात शेवटी, चौथ्या मजल्यावरून, डोक्यावर टोपी आणि हातात छोटी पेटी घेऊन कुनेगुंदाबाई उतरल्या. वय ऐंशीच्या घरात, जीभ सुरीसारखी. पोरं खाली खेळायला लागली की वरून पाणी ओतायच्या. सेवेरिनरावांपुढे त्यांनी कधी बोटसुद्धा पुढे केलं नव्हतं, हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं.

"तुमचाही हात, कुनेगुंदाबाई?" ब्रोन्काने विचारलं.

"लिही."

"खरंच? पण तुम्ही तर कधी—"

"लिही म्हटलं ना!"

ब्रोन्काने ओठ चावून हसू दाबलं. म्हातारीला फुकटची सहल हवीय, असं तिला वाटलं. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती, तिला दुसरं काय वाटणार!

"यातल्या निम्म्या थापा मारताहेत, डॉक्टर," ती हळूच म्हणाली.

"असतील. पण निम्म्या कुठल्या, ते मला कळत नाही. सगळ्यांना घ्या."

तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं, की एकच बाई खाली आली नव्हती. तिसऱ्या मजल्यावरच्या झुझान्नाताई. टोप्या शिवणारी विधवा, हसरी, कोणाच्या अध्यात ना मध्यात. जिरेनियमच्या मागचा पडदा हलला. आता ब्रोन्काच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती दोन दोन पायऱ्या चढत वर गेली.

झुझान्नाताईंनी दार किलकिलं केलं. "मी कशाला येऊ? तुझ्या बाबांनी माझ्या हाताचं चुंबन कधी घेतलेलंच नाही. विचार हवं तर त्यांना."

त्यांच्या मागे, खुर्चीच्या पाठीवर काळं जाकीट होतं, आणि त्याच्या लोंबत्या बटणात अजून सुई अडकलेली होती. ब्रोन्काने ते जाकीट जन्मभर पाहिलं होतं.

"हाताचं नाही घेतलं ना," ती म्हणाली.

झुझान्नाताई लाल झाल्या. ब्रोन्काला राग आला, रडूही आलं. आईचा झगा अजून कपाटात लटकत होता, आणि बाबांची बटणं इथे शिवली जात होती! खाली जाऊन 'वर कोणी नाही' एवढंच म्हणायचं होतं. डॉक्टरांनी विश्वास ठेवला असता, बाबांची अब्रू राहिली असती, आणि आपल्याला काही माहीतच नाही असं भासवताही आलं असतं. मग तिची नजर झुझान्नाताईंच्या उघड्या दंडाकडे गेली. दंड गुळगुळीत होता, टोचल्याचा वण कुठेच नव्हता.

"तुम्ही टोचून घेतलं नाहीत?"

"लहानपणी गावात टोचायला आले, तेव्हा आईने आम्हाला जंगलात लपवलं. परवा रांगेत उभी राहिले होते, पण सुई बघितली आणि पळून आले."

"आणि या दंडानिशी दार लावून बसणार होतात?"

"त्या सगळ्यांच्या देखत मी बसमध्ये चढले, तर उद्या तुझ्या बाबांना तोंड दाखवायला जागा राहील का?"

ब्रोन्काने डोळे पुसले. "ताई, खिडकीतून बघा तरी. अख्खी इमारत खाली उभी आहे. त्या गर्दीत तुमच्याकडे कोण बघतंय? चला. माझी एक आई गेलीय, आता आणखी कोणी जायला नको."

शेवटचं वाक्य तोंडातून कसं निघालं, ते तिचं तिलाच कळलं नाही.

आणि खरोखरच कोणी काही म्हणालं नाही. बायका जागेवरून भांडत होत्या. सेवेरिनराव मागच्या बाकावर हात मांडीवर ठेवून, शिक्षा झालेल्या पोरासारखे बसले होते. फक्त कुनेगुंदाबाईंनी झुझान्नाताईंना आपल्या शेजारी सरकून जागा दिली आणि म्हणाल्या, "आलीस? बरं केलंस. इथे बस, माझ्या आडोशाला."

महालात झुझान्नाताईंना ताप चढला, फोडही उठले. पण लस वेळेवर पोचली होती, म्हणून निभावलं. "आणखी तीन-चार दिवस घरात राहिल्या असत्या, तर त्यांना घेऊन येण्यात अर्थ उरला नसता," डॉक्टर मालेत्स्की म्हणाले. बाकी बायका ठणठणीत परत आल्या, आणि भांडणं विसरून आल्या हे आणखी विशेष.

बाबा परतले तेव्हा ब्रोन्काने विचारलंच, "कुनेगुंदाबाईंनी तुमच्यासमोर खरंच कधी हात पुढे केला नव्हता ना?"

"नाही. का गं?"

तिने सांगितलं. ती हसत सांगत होती, पण बाबा हसले नाहीत.

सप्टेंबरात साथ संपली, फलक उतरले. त्या सकाळी सेवेरिनराव सूट घालून निघाले. अंगणात बायका आपापल्या कामात असल्याचं दाखवत हात मोकळे ठेवून उभ्या होत्या. सेवेरिनराव खाली उतरलेच नाहीत. ते धापा टाकत चौथ्या मजल्यावर गेले आणि त्यांनी दार वाजवलं. काय बोलणं झालं कोणास ठाऊक. पण कुनेगुंदाबाई होत्या तोवर त्यांचा तो जिना चुकला नाही. पुढच्या वर्षी झुझान्नाताईंशी लग्न लागलं, त्या सकाळीसुद्धा नवरदेव आधी चौथ्या मजल्यावर जाऊन आला. आईचा झगा ब्रोन्काने स्वतः कपाटातून काढला आणि घडी करून ठेवला.

सगळी गेली आता. नवराही गेला, मुलगा परदेशात, शुक्रवारी संगणकाच्या पडद्यावर दिसतो. ब्रोन्काने आपल्या हातांकडे पाहिलं. सुपाने बोटं लाल झाली होती. या हातांना शेवटचं कोण शिवलं, ते तिला आठवेना. बाजारातली मुलगीसुद्धा सुटे पैसे बशीत ठेवायची.

"आजी? आहात ना?"

"आहे गं."

"मग, कोणीच नाही ना जवळ आलं? छान. म्हणजे तुमच्याकडे माणूस पाठवायची गरज नाही. नाव खोडते हं तुमचं."

"थांब, थांब! खोडू नकोस." ब्रोन्का ताठ बसली. "तो खालचा भाडेकरू. जिन्यात भेटला होता. माझ्या हाताचं चुंबन घेतलं त्याने."

पलीकडे मुलगी गडबडली. "आजी, तो सव्वीस वर्षांचा आहे!"

"असू दे."

"आणि आज-काल कोणी हाताचं चुंबन घेतं का?"

"लिही म्हटलं ना!" ब्रोन्का म्हणाली, आणि गॅस बंद करून टोपी शोधायला गेली.