फ्रायपॅनमधलं रक्त

क्रांती चौकाजवळच्या मंगल कार्यालयात दोनशे बायका जमल्या होत्या आणि प्रत्येकीच्या पिशवीत घरचं भांडं होतं. जाहिरातीतच म्हटलं होतं, 'आपापला तवा नाहीतर फ्रायपॅन घेऊन या, त्यातलं विष डोळ्यांनी पाहा.' विष फुकटात बघायला मिळतंय म्हटल्यावर कोण घरी बसतं?

स्टेजवर 'आरोग्यभूषण' तात्यासाहेब, भगवा झब्बा घालून, कानाला माइक लावून. मागे पांढऱ्या लेपाचे 'सिद्धशिला' फ्रायपॅन रचलेले, हिमालयातल्या कुणा महाराजांनी मंत्रून दिलेले. एकात बिनतेलाचे पोहे परतले जात होते आणि लिंबाच्या फोडीसकट बशा पुढच्या रांगेत फिरत होत्या.

"माताभगिनींनो, बाजारातल्या पॅनचा काळा लेप म्हणजे साक्षात यमदूत! शुगर, गुडघे, मूल न टिकणं, सगळं त्यातूनच. आमची सिद्धशिला तरंग सोडते, तरंग!"

तरंग म्हणजे काय, हे कुणीही विचारलं नाही.

पडेगावच्या वच्छलाबाईंनी सुनेला, कावेरीला, दंडाला धरून स्टेजवर नेलं. "साहेब, हिला दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळी पोर पोटातच गेलं. ह्यो काळा पॅन हिनं माहेरून आणलाय."

दोनशे बायकांसमोर हे असं. कावेरीला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. तिचे वडील कडूबा कन्नडच्या बाजारात भांडी विकायचे. हा पॅन त्यांनी शंभरात एक पारखून लेकीला दिला होता.

"आधी शुद्धी," असं म्हणत तात्यासाहेबांनी कमंडलूतल्या 'गंगाजला'नं काळा पॅन खळखळून धुतला. मग हळदीच्या पाण्यात भिजवलेलं पांढरं फडकं त्यावरून फिरवलं. फडकं लालभडक झालं!

"आमच्या पॅनला शुद्धीची गरजच नाही," म्हणत त्यांनी दुसरं फडकं सिद्धशिलेवरून फिरवलं. ते पिवळंच राहिलं.

"बघा हे रक्त! याच विषानं दोन जीव खाल्ले."

हॉलभर हळहळ पसरली. वच्छलाबाई रडायलाच लागल्या. "बापानंच लेकीच्या हातानं आमचा वंश बुडवला. आजच्या आज कन्नडची गाडी धर बाई!"

कावेरी रडली नाही. ती फडक्याकडे बघत होती. हा लाल रंग तिच्या ओळखीचा होता. नवऱ्याच्या शर्टावरच्या वरणाच्या डागाला साबण लागला की तो अस्साच लाल होतो. इथल्या दोनशेजणींच्या मोरीत होतो. पण मोरीत दिसला तर डाग, स्टेजवर दिसला तर चमत्कार!

तिनं पोह्यांच्या बशीतली लिंबाची फोड उचलली आणि त्या 'रक्ता'वर पिळली. फडकं तिथल्या तिथं पिवळं पडलं.

"रक्त लिंबानं पिवळं व्हतं का हो साहेब?"

"हात लावू नकोस! कोप होईल!"

कावेरीनं कमंडलू हिसकावून उरलेलं पाणी सिद्धशिलेवर ओतलं आणि हळदीचं दुसरं फडकं फिरवलं. लालभडक!

"चुन्याची निवळी हाय ही," ती ओरडली. "हळदीला चुना लागला की लाल, आंबट लागलं की पुन्हा पिवळी. कुंकू काय येगळ्या रीतीनं करत्यात?"

तात्यासाहेबांना तेवढ्यात महत्त्वाचा फोन आला आणि ते मागच्या दारानं गेले ते गेलेच.

शेजारीण अख्तरीआपांनी विकत घ्यायला काखेत मारलेले दोन सिद्धशिला पॅन खाली ठेवले. "बेटी, मग लेप कोणता घ्यायचा?"

"आपा, लेपाचं काम एकच, अन्न चिकटू न देणं. पांढरा जास्त आच सोसतो, पण लवकर चिकटाया लागतो. काळा मंद आचेवर लई दिवस चालतो, फकस्त रिकामा तापवू नका. बूड जाड बघा, उलथणं लाकडी वापरा. रोग बरा करणारा लेप कुठल्याच कारखान्यात होत नाय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सुटले, असं कावेरीला वाटलं.

वच्छलाबाईंनी डोळे पुसले. पॅन उलटासुलटा करून बघितला आणि पिशवीत घातला. "म्हंजे भांडं चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "मग खोट हिच्यातच."

आत्ताच टाळ्या वाजवणाऱ्या बायकांनी माना डोलावल्या. ते बघून कावेरीच्या अंगाची आग झाली.

"आत्याबाई, पॅन तपासल्याबिगर त्याला दोष दिला. आता मलाबी तसाच देताय. उद्या घाटीच्या सरकारी दवाखान्यात जाऊ, डॉक्टर तपासतील. पण मी एकटी येणार नाय. तुमच्या लेकालाबी घ्या, त्याचीबी तपासणी करू. मग ठरवू खोट कुणात हाय, का कुणातच नाय."

यावर मात्र एकही टाळी पडली नाही.