पिल्लाचा उजवा डोळा

दुकानामागच्या खोलीत चष्मेवाला भिंगं घासायचा. संध्याकाळी तो एप्रन काढून खुर्चीवर टाकी आणि मांजराचं पिल्लू त्यावर मुटकुळं करून झोपे. पिल्लू आणलं लेकीनं, पण लळा लागला बापाला.

पिल्लाचा उजवा डोळा गळायला लागला, तेव्हा बायको म्हणाली, प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या. त्यानं ते हसण्यावारी नेलं. सगळा जन्म डोळ्यांच्या धंद्यात गेलेला; एवढ्याशा डोळ्यासाठी दुसऱ्याच्या दारात कशाला जायचं? आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे थेंब कपाटात उरले होते. आईच्या डोळ्याची लाली त्या थेंबांनीच उतरली होती. तेच तो सकाळ-संध्याकाळ पिल्लाला घालू लागला.

लाली ओसरलीही. तो घरभर मिरवला. आता पाटीवर मांजरांची सोयही लिहून टाका, असा बायकोनं टोमणा मारला. पण पाणी काही थांबेना, आणि एका सकाळी पिल्लू तो डोळा उघडेचना. लेकीनं घर डोक्यावर घेतलं, तेव्हा कुठे तो निघाला.

डॉक्टर त्याचंच गिऱ्हाईक. तिच्या नाकावरचा चष्माही त्याच्याच हातचा. पिल्लांचे डोळे बहुधा सर्दीनं गळतात, पण याला शिंका नाहीत आणि एकच डोळा गळतोय, हे तिला खटकलं. तिनं डोळ्यात रंगाचा थेंब सोडला, दिवा मालवला आणि निळ्या उजेडाची बॅटरी धरली.

बुबुळावर हिरवागार डाग उजळला.

एप्रनवरचा भिंगांचा चुरा त्याला आठवला. असे ओरखडे त्यानं काचेवर हजारदा पाहिले होते.

"खरचटलंय. वेळेवर आणलं असतं तर चार-आठ दिवसांत भरलं असतं," ती म्हणाली. "डोळ्यात काय घातलंत?"

त्यानं खिशातली बाटली पुढे केली. तिनं नाव वाचलं.

"काका, यात स्टेरॉइड आहे. लाली जाते, पण जखम भरत नाही, उलट वाढते. आतपर्यंत पोखरलंय हे."

टेबलाची कड धरून त्यानं विचारलं, "दिसेल ना त्याला?"

"आधी डोळा राहू दे. उद्या परत आणा. आणखी खोल गेलं असेल तर काढावा लागेल."

घरी लेक दारातच उभी होती. डोळा खाजवू नये म्हणून डॉक्टरनं पिल्लाच्या गळ्यात घातलेली प्लॅस्टिकची झालर पाहून तिनं विचारलं, याच्या डोळ्याचं असं कुणी केलं?

"मी," तो म्हणाला.

तिनं पिल्लू त्याच्या हातातून काढून घेतलं आणि आईकडे गेली.