वडारांची विहीर

हेमावतीबाईंनी बोट ओलं करून मातीच्या चढावर खळगा पाडला आणि त्यात निळ्या काचेचा तुकडा बसवला. बोरहळ्ळीची विहीर झाली. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या मुलींच्या शाळेत उद्या भूगोलाचं प्रदर्शन होतं आणि पाचवीच्या वर्गात जमिनीवर बाईंचं माहेरगाव पसरलं होतं. वर मुरमाड चढ, खाली काळी रानं, मधून वाकडातिकडा ओढा, त्याच्या काठी गावची पेठ.

चेअरमन वीरभद्रप्पा शाळेत यायचे तेव्हा आधी त्यांचं अत्तर यायचं. तसंच ते आताही आलं.

"बाई, चढावर या झोपड्या कसल्या?" वीरभद्रप्पांनी दारातूनच विचारलं. तेही बोरहळ्ळीचेच, सोलापुरात अडतीचं दुकान आणि गावातली निम्मी पेठ त्यांची.

"वडारांच्या, अण्णा. त्यांनी विहीर खोदली, मग गाव बसलं."

"गाव आमच्या पणजोबांनी वसवलं. पेठ आधी, बाकी सगळं मागून."

"पेठेत पाणी कुठं होतं? बहात्तरच्या दुष्काळात तिथले आड ठणठणीत कोरडे पडले. सगळं गाव या विहिरीवर जगलं की."

वीरभद्रप्पांनी खिशातून कागदी झेंडा काढला आणि पेठेत रोवला. त्यावर पणजोबांचं नाव होतं.

"उद्या सकाळी झोपड्या दिसता कामा नयेत. तुमची नोकरी अजून कायम व्हायचीय."

ते गेले. बाईंची कानशिलं तापली. घरात आई अंथरुणाला खिळलेली, मिळवतं माणूस त्या एकट्याच. त्यांनी एक झोपडी उचलली. माती ओलीच होती, बोटांचे ठसे तिच्यावर उमटले. क्षणभर ती तळहातावर तशीच राहिली. मग त्यांनी ती जागच्या जागी ठेवली आणि राग निघावा म्हणून शेजारी आणखी एक बसवली.

सकाळी वीरभद्रप्पा आई आणि बायकोला घेऊन आले. झोपड्या पाहताच त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"बाई, मी काय सांगितलं होतं?"

"सांगितलं होतंत. पण खोटं गाव मी मुलींना शिकवणार नाही. मग नोकरीचं काय व्हायचं ते होवो."

तेवढ्यात वीरभद्रप्पांच्या आई, शिवबाई, काठी टेकत पुढे आल्या.

"हीर कुटं हाय गं?"

बाईंनी काचेवर बोट ठेवलं. म्हातारी खाली बसली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि टेबलावरचा तांब्या मागून घेतला. विहिरीपाशी तिनं पाण्याची बारीक धार धरली.

"अव्वा, हे काय?" वीरभद्रप्पांनी आईला विचारलं.

"पयलं पानी भुईला. नवी नवरी आली की तुमी बापये वाजतगाजत म्होरं देवळाकडं जाता. मागं आमी बायका तिला हितं उतरवतो. वडारणीच्या वंजळीतनं पानी पिल्याबिगर गावात पाय ठेवायचा न्हाय. मी पिले. तुजी बायकू बी पिली की. इचार तिला."

वीरभद्रप्पांनी वळून बायकोकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली नाही.

पाणी चढावरून उतरलं, ओढ्यातून वाहत पेठेत शिरलं. कागदी झेंडा भिजून कलला. शिपाई धावतच फडकं घेऊन आला.

"पुसू नका," हेमावतीबाई म्हणाल्या. "पाणी कुठून कुठं जातं, ते मुलींना बघू द्या."