डोहावरची चूल

“पाटी ठोकली, पण खाली नाव लिहायची छाती झाली नाही यांची,” असं म्हणत दिवलीबाईने ताडपत्रीची दोरी त्याच पाटीच्या खांबाला आवळून बांधली.

वाहिदने तिला पाटी दोनदा वाचून दाखवली होती. ‘मासेमारी व मुक्कामास सक्त मनाई. हुकुमावरून.’ त्याखाली कोरा पत्रा. कोणाचा हुकूम, ते नाही.

वाहिदचं खापरच्या बाजारात शिवणकामाचं दुकान. गेली बावीस वर्षं थंडीत दुकान बंद ठेवून तो दिवलीबाईच्या नवऱ्याबरोबर, आमशाबरोबर, या डोहावर दोन दिवस मुक्कामाला यायचा. आमशा श्रावणात गेला. त्याच महिन्यात डोहावरच्या गावाच्या हक्काचा दावा परत आला. गावातलं कोणी इथे मासे धरतं याचा लेखी पुरावा नाही, असा शेरा होता. मासा काय पावती देतो, असं आमशाने खाटेवरूनच विचारलं होतं. आता सोमवारी शेवटची सुनावणी होती, आणि आमशाच्या जागी दिवलीबाई उभी राहणार होती; यंदा मुक्कामालाही त्याच्या जागी तीच आली होती.

पहिल्याच दिवशी सगळं बिघडलं. नदी ओलांडताना वाहिद शेवाळावर घसरला आणि पिठाची पिशवी पाण्यात गेली. बावीस वर्षांत नदीला भाकरी खाऊ घातली नव्हती, तेवढंच राहिलं होतं, असं दिवलीबाई म्हणाली. दुपारी जाळं एका बुडालेल्या खोडात अडकून उभं फाटलं. झाडीआड वरच्या अंगाला जाऊ, तिथे कोणाला दिसणार नाही, असं वाहिदने सुचवलं. तिने ऐकलंच नाही. आमशाच्या तीन काळ्या दगडांवर तिने चूल मांडली, ती ऐन पाटीसमोर, आणि सुकी लाकडं बाजूला ठेवून ओली घातली. धूर टेकडीच्या वर गेला.

“भाभी, डोळे गये मेरे,” वाहिद खोकत म्हणाला.

ती फुंकत राहिली.

उन्हं कलता कलता गळाला मरळ लागली, चांगली हातभर. दिवलीबाई ती दगडावर कापत होती तेवढ्यात राखणदार आला. भिला नाव, ब्राह्मणपुरीचा, कंत्राटावरचा पोरगा. फाटलेलं जाळं त्याने आधी ताब्यात घेतलं, मग चूल विझवायला सांगितलं.

“मन्हं काम शे, मावशी. वरथून हुकूम शे.”

दिवलीबाईने वाद घातला नाही, चूलही विझवली नाही. मासा शिजला तेव्हा तिने पळसाची तीन पानं मांडली. डोहातून मासा निघताना किंवा शिजताना काठावर जो असेल त्याला वाटा, ही इथली रीत. मग तो सोयरा असो की वैरी. वाटा नाकारला तर डोहाचा अपमान. भिलाने ड्युटी आहे म्हणून सांगितलं, पानाकडे पाहिलं, आणि मांडी घातली. काटा न काढता खात होता. सकाळपासून उपाशी असावा.

हात धुतल्यावर त्याने लाजतच पिशवीतून कागद काढला. पंचनामा करावा लागणार होता.

“लिही ना,” दिवलीबाई म्हणाली. “नीट लिही. दिवलीबाई आमशा वसावे, डोहात मासा धरला. शिजवला. तीन दगड, जुने, काजळीने काळे. तेही लिही.”

वाहिदचा हात तोंडापाशीच थांबला. त्याने ओल्या लाकडांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

भिलाने लिहिलं. तारीख घातली, वेळ घातली, पिशवीतून शिक्का काढून मारला. तिने अंगठा दिला आणि एक प्रत मागितली. ती प्रत वाहिदने मोठ्याने वाचली. ‘मासेमारी’ हा शब्द त्याने दोनदा वाचला. दिवलीबाईने कागद घडी करून आमशाच्या तंबाखूच्या डबीत ठेवला.

“सोमवारी तुझंच अक्षर दाखवते,” ती भिलाला म्हणाली. “लेखी पाहिजे होतं त्यांना.”

भिलाच्या हातातलं पेन उघडंच राहिलं. काहीतरी हुकल्याचं त्याला कळत होतं.

“मावशी, मन्ही नोकरी जाई.”

“तू वाटा खाल्लास. तुझ्यावर राग नाही.” ती उठली, पाटीपाशी गेली आणि कोऱ्या पत्र्यावर बोट ठेवलं. “माझं नाव कागदावर आलं. तुझं आलं. आता इथलं सांग. हुकूम काय आपल्या पायाने डोंगर चढून आला? कोणाच्या तोंडातून निघाला तो? नाव सांग.”