राणीच्या तळाशी लिहिलेलं नाव

मुलांनो, जरा डोळ्यांपुढे आणा. एक लांबट अंगण आहे. दोन्ही बाजूंना दोन-दोन बिऱ्हाडं, मधोमध एक नळ, टोकाला गंजलेलं फाटक. बेंगळुरूत अशा जागेला वठार म्हणतात. बनशंकरीतल्या अशाच एका वठारात दहा वर्षांची रक्षिता मांडीवर वही घेऊन पायरीवर बसली आहे. बाकीची मुलं हसताहेत. ती मात्र वहीतून मान वर काढत नाही. का, ते ऐका.

दर रविवारी सकाळी नरसिंहराव अण्णा वठारातल्या मुलांना मराठी शिकवत. शाळेत कन्नड आणि इंग्रजी, मराठी काय ती घरात बोलण्यापुरती. ती पोरांना लिहिताही यावी म्हणून म्हाताऱ्याचा हा खटाटोप. आजचा वर्ग शेवटचा होता. मालकानं वठार विकलं होतं आणि या आठवड्यात सगळ्यांना घरं रिकामी करायची होती.

अण्णांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला : सामायिक.

"याचे समानार्थी शब्द सांगा बघू."

"समाईक!" "सामूहिक!" "सगळ्यांचं मिळून!"

"सरी, बरोबर. आता वाक्यात उपयोग. शंतनु, तू सांग."

शंतनु हा शेजारच्या अंबूबाईंचा नातू. तो उठून गंभीरपणे म्हणाला, "आमच्या वठारातला संडास सामायिक आहे, पण कल्लाप्पामामा त्यात बसून पेपर वाचतात."

पलीकडच्या दारातून कल्लाप्पा ओरडले, "ए मंगा, माकडा! तुझ्या आजीला सांगू का?" मग अण्णाही हसले. इंदिराअक्का, म्हणजे त्यांची बायको, गेल्यापासून ते असे हसले नव्हते.

"अण्णा, मग बससुद्धा सामायिकच ना?" रक्षितानं विचारलं.

"नाही पुट्टी. बस सार्वजनिक. तिथं कुणीही चढावं, कुणीही उतरावं. सामायिक वस्तूची माणसं ठरलेली असतात. त्यातलं एक जरी गेलं तरी जाणवतं." अण्णांनी पुन्हा खडू उचलला. "बरं, विरुद्धार्थी?"

"वैयक्तिक," शंतनु म्हणाला. "खाजगी."

"माझं," रक्षिताच्या तोंडून निसटलं.

मुलं हसली. अण्णा नाही हसले. "शब्दकोशात असं सापडणार नाही," ते म्हणाले, "पण चूक म्हणवत नाही मला."

रक्षिताचे कान तापले. कारण वर्ग संपला की गोंब्यांची ट्रंक उघडायची होती.

दसऱ्याला या वठारात चार घरांच्या चार आराशी नसत. एकच असे, अण्णांच्या पुढच्या खोलीत. पायऱ्या रचायच्या, त्यावर पांढरं धोतर अंथरायचं आणि सगळ्यांच्या बाहुल्या, म्हणजे गोंबे, एकत्र मांडायचे. दर वर्षी प्रत्येक घरानं एक नवा गोंबे आणायचा आणि तो अक्कांच्या पत्र्याच्या ट्रंकेत जायचा. कोणी काय आणलं हे विचारायचं नाही, गोंब्यावर नाव घालायचं नाही, एवढाच नियम. सगळ्यांत वर रक्तचंदनाचे राजा आणि राणी असत.

गेल्या वर्षी गणपतीनंतर अक्का गेल्या, म्हणून त्या दसऱ्याला ट्रंक उघडलीच नाही. आणि या उन्हाळ्यात वठार विकल्याचं कळलं. त्याच दिवसांत ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकायला अण्णांनी रक्षिताला पाठवलं होतं. राणी तिची फार लाडकी. आता वाटणी होणार, राणी दुसऱ्याच्या घरी जाणार, या धास्तीनं तिनं खिशातलं बॉलपेन काढलं आणि राणीच्या तळाशी आपलं नाव लिहून टाकलं.

ट्रंक अंगणात आणली. अंबूबाई एकेक गोंबे काढून, वाळवी लागली का ते उलटा करून बघत होत्या. राणी उलटी केली आणि त्यांचा हात थांबला.

"रक्षिता," त्यांनी वाचलं. "अगंबाई! नावं घालायची होती होय? मग हत्ती आमचा. ह्यांनी चन्नपट्टणहून आणलेला."

"असं का?" कल्लाप्पा म्हणाले. "मग ते वाण्याचं जोडपं, शेट्टी-शेट्टीण, माझे. विचारा कुणालाही."

"विचारायचं कशाला, घ्या की!" अंबूबाई फणकारल्या.

घटकाभरात, इतकी वर्षं कुणाचंच नसलेलं सगळं कुणाकुणाचं होऊन गेलं. रक्षिताचे बाबा रविकिरण मान खाली घालून उभे होते. "अण्णा, पोरीची चूक झाली," एवढंच ते म्हणाले.

"राणी तिला द्या," अण्णा शांतपणे म्हणाले. "नाव आहे ना तिचं."

ट्रंकेत उरला राजा. राणीवाचून तो कुणालाच नको होता. अण्णांनी तो आपल्या पंच्यात गुंडाळला आणि आत गेले.

संध्याकाळी नळावर अंबूबाईंनी रक्षिताला जवळ बोलावलं. त्यांचा राग ओसरला होता. "ती जोडी कुणाची ठाऊक आहे? इंदिराअक्काची. लग्नात तिच्या आईनं ओटीत घातलेली. इथं आल्यावर पहिल्याच दसऱ्याला तिनं ती सगळ्यांत ठेवली. चाळीस वर्षांत एकदा माझी म्हणाली नाही. आज अण्णांनी तरी कुठं म्हटलं?"

रक्षिता रात्रभर तळमळली. सकाळी शाळेची बस चुकू नये म्हणून आईनं घाईनं बाहेर काढलं, आणि ती परत आली तेव्हा अण्णांच्या दाराला कुलूप होतं. त्यांचा मुलगा गिरीधर त्यांना जे. पी. नगरला घेऊन गेला होता. पायरीवर फळा तेवढा टेकवलेला होता. अक्षरं पुसलेली होती.

त्या शनिवारी रक्षिताचं बिऱ्हाड देवनहळ्ळीला गेलं. घर नवं होतं, नळ घरात होता, संडासही एकट्याचा. आईनं राणीला काचेच्या कपाटात ठेवलं. ती बाजूला तोंड करून बघत असल्यासारखी दिसायची. घडवणाऱ्यानं तिची मान राजाच्या बाजूला किंचित वळवलेली होती, हे इतक्या वर्षांत रक्षिताच्या लक्षात आलं नव्हतं. तिनं तळ काथ्यानं घासला. शाई पुसट झाली, थोडा रंगही गेला, नाव पुरतं गेलं नाही.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी ती बाबांच्या मागे लागली. देवनहळ्ळीहून दोन बस बदलून, सगळा रस्ता राणीला दप्तरात छातीशी धरून, ती बाबांबरोबर जे. पी. नगरला गिरीधरच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी पोहोचली.

दार अण्णांनीच उघडलं. ते वाळले होते. राजा टीव्हीशेजारी, औषधांच्या बाटल्यांमध्ये उभा होता.

रक्षितानं राणी पुढे केली. "नाव घासलं, अण्णा. पूर्ण जात नाही."

अण्णांनी राणी उलटी करून बराच वेळ पाहिली. अंगठा तळावरून फिरवला. "राहू दे स्वल्प," ते म्हणाले. "पण इथं कोण मांडणार, पुट्टी? पायऱ्या रचायला माणसं कुठं आहेत?"

रक्षितानं बाटल्या एकेक करून बाजूला सरकवल्या, फ्रॉकच्या काठानं राजावरची धूळ पुसली आणि अण्णांच्या हातातली राणी घेऊन त्याच्याशेजारी, त्याच्याकडे मान येईल अशी, उभी केली.