चौदा पाहुणे

"डोळे मिटा आणि अंगावरचा डिसेंबर खाली उतरवून ठेवा," शिकवणारी यामिले म्हणाली, तेव्हा चटयांवर आडव्या पडलेल्या सगळ्या बायका हसल्या. ओटिलियाही हसली, पण जरा उशिरा.

कोलंबियातल्या मनिझालेसच्या आरोग्यकेंद्रातला हा योगाचा वर्ग फुकट होता. रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांनी तिला नोव्हेंबरात इथे धाडलं होतं. अठ्ठावन्न वर्षांची ओटिलिया इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करायची. लग्न केलं नव्हतं. आई शेवटपर्यंत तिच्याजवळ होती. आई होती तोवर नाताळच्या आदल्या दिवशी तिन्ही भावांचा कबिला तिच्याच घरी उतरायचा. दोन दिवस तिला शेगडीपुढून हलता यायचं नाही आणि ती करवादायची. ऑगस्टात आई गेली. यंदा एकेका भावाचा फोन आला. कुणी सासुरवाडीला चाललं होतं, कुणाला घाटाचा रस्ता नको होता. थोरला अल्दुबार तेवढं म्हणाला, "तुलाही जरा विश्रांती मिळेल."

वर्ग सुटण्याआधी यामिले प्रत्येकीला विचारायची, सणाचं कसलं ओझं वाटतं. कुणाला सुनेचा धाक होता, कुणाला दारुड्या मेव्हण्याचा. ओटिलियाची पाळी आली. घरी कुणीच येणार नाही, हे सांगायला तिची जीभ रेटेना.

"चौदा माणसं येतात माझ्याकडे," ती म्हणाली. खोटं तरी कसं म्हणायचं? इतकी वर्षं येतच होती.

बायका हळहळल्या. यामिलेनं तिला उपाय सांगितला. कामाचा डोंगर अंगावर आला की स्वयंपाकघरातच खुर्ची ओढून पाच मिनिटं बसायचं, श्वास येतो-जातो तेवढंच बघायचं. जाणाऱ्याला धरून ठेवायचं नाही.

चोवीस तारखेला दुपारी ओटिलिया तशी बसली. पण घरात शांत करण्यासारखी गडबडच नव्हती. स्वतःचा श्वास लख्ख ऐकू येत होता, आणि भिंतीपलीकडच्यांचं हसणंही. ती उठली, आणि हाताला काहीतरी हवं म्हणून चीजचे सहा बुन्युएलो, नाताळचे ते गोल वडे, तळायला घेतले.

शेवटचा घाणा निघत होता तेव्हा दार वाजलं. वर्गातली नूबिया, चढावर दोन गल्ल्या सोडून राहणारी, घरच्या नातियाच्या, आटवलेल्या दुधाच्या गोड वड्या ताटलीत घेऊन आली होती. डिसेंबरात अशी ताटली घरोघर जाते आणि ती रिकामी परत करत नाहीत. नूबिया बोलत बोलत थेट स्वयंपाकघरात शिरली आणि थांबली. चिमुकली कढई. ओट्यावर एकच बशी.

"संध्याकाळनंतर येतात ते," ओटिलिया म्हणाली.

"हो ना, घाटात गर्दी असते," नूबिया म्हणाली. तिनं खुर्ची ओढली. "माझ्या घरात पाय ठेवायला जागा नाही बघ. बसू का इथे पाच मिनिटं?"

दोघी डोळे मिटून बसल्या. ओटिलियाचा श्वास बाहेर पडताना मधेच अडला, मग हुंदक्यासकट सुटला. नूबियानं ऐकलं, पण डोळे उघडले नाहीत.

"कुणी येणार नाही, नूबिया."

"कळलं मला. वर चल माझ्याकडे. एकवीस आहेत, बाविसावी तू."

ओटिलियानं नाक पुसलं. जावंसं वाटत नव्हतं असं नाही. "उद्या येईन. आज राहू दे. आई नाही, हे एकदा घरीच बसून बघायला हवं."

नूबियानं आग्रह केला नाही. ओटिलियानं वड्या बशीत काढून तिची ताटली धुतली, पुसली, तीत चार बुन्युएलो ठेवले आणि दारापर्यंत जाऊन तिला निरोप दिला.

उरलेले दोन तिनं टेबलाशी बसून खाल्ले. आतून अजून वाफ निघत होती, जीभ पोळली. चोवीस तारखेला तिच्या वाट्याला गरम असं काही इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आलं होतं.