गुलाबी मक्याची माळ

माझी नजर वाईट आहे, हे निरवांगीत शेंबडं पोरसुद्धा सांगेल. माझे डोळे घारे, मूलबाळ नाही आणि तोंड बंद ठेवायची सवय नाही. गावाला एवढं पुरतं. मागं मी दत्तोबाच्या खोंडाला देखणा म्हणाले आणि पुढच्या आठवड्यात तो विहिरीत पडला. विहिरीला कठडा नव्हता, हे मात्र कुणी बोलत नाही. तेव्हापासून मी गल्लीतून निघाले की बायका लेकरांना पदराखाली घेतात. सुरुवातीला रडू यायचं. मग मी मुद्दाम थांबून टक लावून बघायला लागले. म्हटलं, नाव झालंच आहे तर मजा तरी घेऊ.

चौऱ्याण्णव सालच्या नवरात्रात समोरच्या कुशाबाईच्या घरी तोरणाचं काम चाललं होतं. तिची सून राजेश्वरी बारामतीची, लग्नाआधी मणीकामाच्या क्लासला गेलेली. दसऱ्याला नव्या धान्याची कणसं दाराला बांधायची आमची पद्धत, पण ती चिमण्या चार दिवसांत फस्त करतात. राजेश्वरी तारेवर मणी ओवून बाजरीची, मक्याची कणसं करायची आणि त्यांचं तोरण गुंफायची. ते वर्षभर दारावर राहतं. मला ते काम फार आवडायचं. माझ्या ओट्यावरून सगळं दिसायचं, सुपात मणी, तिच्या बोटांत सुई, आणि शेजारी गोधडीवर तिची पोरगी रतन. रतनला दात येत होते. हाताला लागेल ते ती तोंडात घालायची.

आमच्याकडे नवरात्रातले दिवस घटावर चढणाऱ्या माळांनी मोजतात. तर तिसऱ्या माळेला राजेश्वरीचे काचेचे मणी संपले. विजयसिंह, म्हणजे तिचा नवरा, उसाच्या लागणीत अडकलेला, इंदापूरला कोण जाणार? मग कुशाबाईनं डोकं चालवलं. पेरून उरलेलं मक्याचं बियाणं घरात होतंच, औषध लावलेलं, गुलाबी. दाणा रात्रभर भिजवला की सुई सहज जाते आणि वाळला की पुन्हा मण्यासारखा टणक होतो. रंग तर दुकानातल्या मण्याला नाही असा.

तिनं बियाणं चांगलं धुऊन घेतलं. धुतलं की औषध जातं, असं आमच्याकडे सगळेच धरून चालतात. पण ते जात नाही. माझी शेळी असल्याच धुतलेल्या बियाण्यानं तडफडून मेली होती, म्हणून मला ठाऊक. त्या दिवशी मात्र मी लांबून पाहिलं, मला ते रंगवलेले मणीच वाटले. मी ओट्यावरूनच म्हणाले, कणसं काय झकास झालीत गं. कुशाबाईनं सूप पदरानं झाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या कोंबड्या अंगणात माना टाकून पडल्या होत्या. मी बघायला गेले, तर न्हाणीपाशी दगडी कुंडीत गुलाबी पाणी. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी कुशाबाईला सरळ सांगितलं की हे बियाण्याचं पाणी कोंबड्या प्यायल्या, ते तोरण घरात ठेवू नको. काल कौतुक आणि आज मढी, तिचा हिशेब कधीच जुळला होता. तिनं मला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही.

आणि मग तिनं जे केलं ते मी अजून विसरले नाही. माझ्या नजरेपासून पोरीला जपायला म्हणून तिनं काळ्या मण्यांत तेच गुलाबी दाणे ओवले आणि ती माळ रतनच्या गळ्यात घातली. दाणे भिजवलेले, घरच्या देवीपुढं ठेवलेले, म्हणजे राखणीला पक्के.

सहाव्या माळेला मी ओट्यावर शेंगा फोडत होते. समोर गोधडीवर रतन बसलेली. माळेचा पुढचा भाग तिच्या तोंडात. ती दाणे चोखत होती आणि हनुवटीवरून गुलाबी लाळ गळत होती. माझ्या मांडीवरचं सूप पालथं झालं. मी तशीच पळत त्यांच्या अंगणात गेले.

"कुशाबाई, पोरीच्या गळ्यातलं काढ. इख हाय त्यात. माझी शेळी ह्यानंच मेली."

तिनं रतनला उचलून छातीशी धरलं.

"तुला टोचाय लागली व्हय माळ? मग तर न्हायच काढायची."

मी राजेश्वरीकडे पाहिलं. ती शिकलेली, तिला तरी कळेल. तिचे डोळे सासूकडे आणि माळेकडे फिरत होते. मी आणखी बोलले, हात जोडले, शेळीची शपथ घातली. जितकं बोलावं तितकी कुशाबाईची मिठी घट्ट होत गेली आणि रतन तिच्या खांद्यावर निवांत चोखत राहिली. कुशाबाईचा आवाज ऐकून शेजारचा कुंडलिक आणि त्याची बायको म्हाळसा बाहेर आली. तेव्हा मला कळलं की माझ्या तोंडून खरं निघालं तरी ते खोट्यातच जमा होणार. आणि खोटं बोलले तर?

मी शांत झाले. डोक्यावरचा पदर नीट केला, दोन पावलं पुढं गेले आणि माझे घारे डोळे त्या माळेवर लावले.

"लई देखणी माळ हाय बघ, कुशाबाई. असली माळ मी जन्मात बघितली न्हाय. माझं मन बसलं तिच्यावर."

नजर लागलेली वस्तू लेकराच्या अंगावर ठेवायची नसते, ती जाळून टाकायची असते, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. कुशाबाईचा चेहरा पांढरा पडला. तिनं माळ हिसडली, दोरा तुटला, आणि राहिलेले मणी-दाणे तिनं चुलीत फेकले. मग मी तोरणाचंही कौतुक केलं. तेही चुलीत गेलं. राजेश्वरीची इतक्या दिवसांची मेहनत जळताना बघून वाईट वाटलं, पण आनंद त्याहून मोठा होता. पाठीमागून म्हाळसानं शिवी दिली. मी घरी येऊन दार लावलं आणि हसले.

संध्याकाळी रतनला उलट्या सुरू झाल्या. ती जे गिळायचं ते आधीच गिळून बसली होती. विजयसिंहानं कुंडलिकची जीप काढली आणि तिला इंदापूरला नेलं. जाताना जीप माझ्या दारासमोर थांबली. नुसतं इंजिन चालू होतं. मी कडी लावून भिंतीला टेकून उभी होते. मग जीप गेली.

रतन वाचली. डॉक्टरांनी पोरीनं काय खाल्लं म्हणून विचारलं, तर कुशाबाईनं काही नाही म्हणून सांगितलं. तिच्या लेखी पोरीला नजर लागली होती आणि त्यावर सलाईन लागू पडली. आठव्या माळेला ते परत आले. मी देवीपुढं साखर ठेवली आणि वाटलं, चला, माझ्या वाईट नावानं एकदा तरी चांगलं काम केलं.

दसऱ्याच्या दिवशी मी आपट्याची पानं घेऊन बाहेर पडले. कुणी माझं सोनं घेत नाही, पण मी देते. गल्लीत पोरं नव्या कपड्यांत पळत होती. पहिल्या पोराच्या गळ्यात मी गुलाबी काहीतरी पाहिलं आणि दुसऱ्याच्याही पाहिलं. मग बघायला लागले तर एकही गळा मोकळा नव्हता. पाळण्यातल्या लेकराचा नाही, कडेवरच्याचा नाही. उरलेलं बियाणं घरोघरी होतंच.

कुशाबाईच्या ओट्यावर बायकांचा घोळका होता. मधे राजेश्वरी, तिच्या पुढ्यात भिजलेल्या दाण्यांचं पातेलं, आणि तिची सुई झरझर चालली होती. गल्लीत तिला इतका मान कधी मिळाला नव्हता. कुशाबाई सगळ्यांना सांगत होती की माळेनं सगळी नजर स्वतःवर ओढून घेतली, माळ जळाली म्हणून पोर जगली. राजेश्वरीनं एकदा मान वर केली, मला पाहिलं आणि पुन्हा सुईत दोरा ओवायला लागली. तिला कळलेलं होतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. फक्त रतनच्या गळ्यात माळ नव्हती.

दारात म्हाळसा उभी होती, कडेवर तान्हं पोरगं. त्याच्या गळ्यातली माळ सगळ्यांत मोठी. मला राहवलं नाही. मी तिच्यापुढं गेले आणि पुन्हा तोच डाव टाकला. म्हटलं, माळ लई सुंदर हाय, म्हाळसा, माझं मन बसलं.

ती घाबरली नाही. तिनं पोराला माझ्या अगदी समोर धरलं.

"बघा की मावशी, पोटभर बघा. त्यासाठीच घातलीया."

पोरगं किरकिरायला लागलं. म्हाळसानं त्याची गुलाबी लाळ पदरानं पुसली, आणि गप्प बसावं म्हणून माळ पुन्हा त्याच्या तोंडात दिली.